इनलाइन स्केटिंग व्यायाम म्हणून कसं आहे? 38 व्या वर्षी सुरू करता येईल का?

येईल की. इनलाइन म्हणजे बुटाखाली एका रांगेत चाकं असलेले स्केट्स. मी स्वतः चाळिशीच्या तोंडावर शिकले, तेही मुलाला स्केटिंगच्या क्लासला सोडून तासभर कठड्यावर बसायचा कंटाळा आला म्हणून. पण तुम्ही लिहिलंय की धावलं की गुडघे दुखतात आणि वजनही उतरवायचंय, तर या दोन्हीचं उत्तर एकच नाहीये.

आधी गुडघे. धावताना प्रत्येक पावलाला जो दणका बसतो तो इथे नसतो, म्हणून सांध्यांना हे सोपं म्हणतात आणि ते खरंय. पण नीट स्केटिंग करायचं तर गुडघे सतत वाकलेले हवेत, अदृश्य खुर्चीवर अर्धवट बसल्यासारखे, आणि तुमचं दुखणं जर गुडघ्याच्या वाटीमागचं असेल, म्हणजे जिना उतरताना किंवा उकिडवं बसताना दुखतं ते, तर नेमकी हीच पोझिशन त्रास देऊ शकते. पैसे खर्च करायच्या आधी एकदा फिजिओला विचारून घ्या.

बाकी पायांचा व्यायाम म्हणाल तर जबरदस्त. यात ढकलायचं असतं बाजूला, मागे नाही, त्यामुळे कुल्ले आणि मांडीच्या आतले-बाहेरचे जे स्नायू चालण्यात फारसे कामालाच लागत नाहीत ते दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी लावतात. आणि हे प्रकरण वाढलंच मुळी व्यायामासाठी, 1980 च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटामधल्या ओल्सन भावांनी बर्फ नसतानाही आइस हॉकीचा सराव चालू राहावा म्हणून हे स्केट्स सुधारले, रोलरब्लेड ही कंपनी त्यातूनच आली.

वजनाचं गणित असं की ताशी 14 किमीच्या आसपास स्पीड सलग ठेवला तर 70 किलोच्या माणसाच्या अर्ध्या तासात साधारण 260 कॅलरी जातात, म्हणजे भरभर चालण्यापेक्षा बऱ्याच जास्त. मेख ही की चाकं फुकट पळतात. दोन ढकला मारून मग ताठ उभं राहून निवांत घरंगळत गेलात तर पल्स वर जातच नाही, मजा येते फक्त (ती पण हवीच म्हणा). आणि सुरुवातीचे काही आठवडे तर तुम्ही कठडा धरून असणार, कॅलरी कुठल्या जाळताय, म्हणून तोपर्यंत चालणं अजिबात बंद करू नका.

खरी अडचण जागेची आहे, याबद्दल कोणी बोलत नाही. पेव्हर ब्लॉकवर दात वाजतात, रस्त्यावर खडी, स्पीडब्रेकर आणि कुत्री. सोसायटीचं बेसमेंट किंवा शाळेचं बास्केटबॉल कोर्ट शिकायला मस्त पण तिथे सलग स्पीड मिळत नाही, सारखं वळावं लागतं. जवळ रिंक किंवा लांब गुळगुळीत ट्रॅक असेल तरच हा तुमचा मुख्य व्यायाम होईल, नाहीतर आठवड्यातून दोनदा हे आणि बाकी दिवस दुसरं काहीतरी.

स्केट्स घेताना मुलांच्या क्लासमधल्या सरांचं ऐकून स्पीड स्केट्स घेऊ नका. आपल्या भारताच्या आनंदकुमार वेलकुमारने 2025 च्या स्पीड स्केटिंग वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये 1000 मीटरचं गोल्ड आणलं, भारी वाटलं, पण तसल्या स्केट्सना ब्रेक नसतो, घोट्याला आधार नसतो आणि चाकं मोठी. आपल्याला घोट्याच्या वरपर्यंत घट्ट बसणारा बूट, 80-84 मिमीची चाकं आणि टाचेला रबरी ब्रेक पुरे. ऑनलाइनचे स्वस्तातले अॅडजस्टेबल नकोतच, दुकानात जाऊन पायात घालून बघा.

हेल्मेट, नीपॅड सगळे सांगतील. मी सांगते रिस्ट गार्ड, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो आणि मोडतं ते मनगट. अमेरिकेतल्या 1996 च्या एका अभ्यासात रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांच्या मनगटाला इजा व्हायची शक्यता जवळपास दहा पट निघाली होती. आणि पहिल्या दिवशी पुढे जायला नाही, पडायला शिका, वाकून गुडघ्यांवर, पुढे. तोल गेला की आपण घाबरून ताठ होतो आणि मग थेट माकडहाडावर बसतो.

आत्ता पावसाळ्याच्या तोंडावर असाल तर थांबा किंवा इनडोअर जागा शोधा, ओल्या फरशीवर ब्रेक लागत नाही आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलं की ती गंजतात.