भजनांच्या ॲपसाठी ऑडिओ फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावी?

कुडाळ-मालवणकडच्या डबलबारी (दोन बुवांचा सामना रंगतो त्या) भजनांचं ॲप करताय आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हीकडे एकच फाइल चालायला हवी, तर एएसी घ्या, म्हणजे एम४ए फाइल. दोन्हीकडे बिनतक्रार वाजते. एमपी३ही सगळीकडे चालतं, पण कमी बिटरेटला (सेकंदाला कमी डेटा ठेवला की) झांजांचा खणखणाट त्यात पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, आणि भजनात तो लगेच कानाला खटकतो.

पेटी, पखवाज, झांजांसकट भजन असेल तर स्टिरिओ १२८ केबीपीएस ठेवा, मिनिटाला साधारण १ एमबी. बुवांचं नुसतं निवेदन असेल तर मोनो ६४ केबीपीएस पुरे. पावसात वाडीवर रेंज जेमतेम असते, तिथे हा फरक फार मोलाचा.

मंडळींनी पाठवलेले व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज मात्र तसेच टाकू नका. ते ऑग फाइलमधले ओपस, म्हणजे वेगळ्याच फॉरमॅटमधले असतात. अँड्रॉइड ५ पासून पुढे वाजतात, पण बऱ्याच आयफोनवर ॲपच्या साध्या प्लेअरमध्ये अडतात. आधी एम४ए करून घ्या.

सरावासाठी पखवाजाचा ठेका सलग फिरवायचा असेल तर तेवढा तुकडा वॅव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये ठेवा. एमपी३ आणि एएसी बनवताना सुरुवातीला-शेवटी किंचित शांतता जोडली जाते, त्यामुळे दर आवर्तनाला लय अडखळते.

मूळ रेकॉर्डिंगही वॅव्हमध्येच जपा. मिनिटाला १० एमबी जागा जाते, जाऊ दे. एमपी३ करताना आवाजाचा काही भाग जातो, आणि त्यावरून पुन्हा एएसी केलं तरी तो परत येत नाही.