पेपर कोणी तपासला ते आधी विचारा

प्रश्न : मी मिरजेची, प्राथमिक शाळेतून रिटायर झाले. ग्रॅच्युइटी, फंड सगळं मिळून चाळीसेक लाख हातात आलेत. मुलाने सल्लागारांची तीन नावं काढलीत. एक आमच्या बँकेतलाच रिलेशनशिप मॅनेजर, दुसऱ्याला गुगलवर 4.9 स्टार आणि कार्डावर एमडीआरटी लिहिलंय, तिसरी एक मुलगी आहे, सेबी रजिस्टर्ड, पण रिव्ह्यू फक्त चार आणि वर फी मागते. मुलगा म्हणतो रेटिंग बघून ठरव. कुठलं बघू?

उत्तर : बाई (शाळेतली सवय, शिक्षिकेला बाईच म्हणणार), तुम्ही आयुष्यभर पेपर तपासलेत तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. मार्क किती पडले हे नंतर, आधी विषय कुठला होता आणि पेपर कोणी तपासला ते बघायचं.

एमडीआरटी बघून लोकांना ती डिग्री वाटते, ती डिग्री नाहीये. वर्षभरात ठरावीक रकमेच्या वर विमा विकला की ती मेंबरशिप मिळते. म्हणजे त्या माणसाला विकायला छान जमतं एवढं सिद्ध झालं, तुमच्यासाठी काय बरं ते त्याला कळतं का हा पेपरच झालेला नाही. गुगलचे 4.9 स्टार म्हणजे बहुतेक वेळा चहा चांगला दिला, फोन उचलतो, फॉर्म घरी येऊन भरून दिला, याचे मार्क. वाईट नाही, पण दहा वर्षांनी पैशाचं काय झालं ते सांगायला त्यातलं कोणी परत येत नाही.

आणि हो, मुलाने फंडांचे स्टार दाखवले असतील तर ते वेगळंच प्रकरण, व्हॅल्यू रिसर्च किंवा मॉर्निंगस्टार स्टार देतात ते फंडाला, फंड विकणाऱ्याला नाही. फाइव्ह स्टार फंड विकतो म्हणून माणूस फाइव्ह स्टार होत नाही. कंपन्यांच्या एफडी आणि बाँडना असतं ते एएए (सगळ्यात वरचं रेटिंग) पण तसंच, कंपनी पैसे परत करेल का एवढ्यापुरतं, आणि तेही दगडावरची रेघ नव्हे. 2018 च्या मध्यापर्यंत आयएल अँड एफएस या फायनान्स कंपनीला एएए होतं, सप्टेंबरमध्ये ते डी झालं, म्हणजे पैसे बुडवणारी!

आता तिसरी मुलगी. तिचा नंबर आयएनए ने सुरू होत असेल तर तो सेबीच्या (शेअर बाजार आणि फंडांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) साइटवर टाकून बघा, नाव आणि पत्ता जुळतो का. हे रजिस्ट्रेशन 2013 च्या नियमांखाली मिळतं, त्याला एनआयएसएम या सेबीच्याच शिक्षणसंस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि मुख्य म्हणजे ती तुमच्याकडून फी घेते तर तुम्हाला सुचवलेल्या फंडावर कमिशन घेऊ शकत नाही. फिक्स फी असेल तर एका कुटुंबामागे वर्षाला जास्तीत जास्त 1,51,000 रुपये, पण बरेच जण त्याच्या कितीतरी खाली घेतात. रिव्ह्यू चारच का, तर असे सल्लागार अख्ख्या देशात हजाराच्या आसपासच आहेत, त्यात मिरजेत येणार किती.

बँकेतला साहेब बँकेच्या एआरएनवर (फंड विकायचा नोंदणी नंबर) फंड विकतो, म्हणजे डिस्ट्रिब्युटर. तो फुकट वाटतो पण समजा रेग्युलर (विकणाऱ्याचं कमिशन धरलेला) आणि डायरेक्ट (कमिशन नसलेला) प्लॅनच्या खर्चात 0.8 टक्क्यांचा फरक असेल तर चाळीस लाखांवर वर्षाला 32,000 होतात, ते तुमच्याच पैशातून जातात, फक्त चेक तुम्ही फाडत नाही म्हणून दिसत नाही. पटत नसेल तर दर सहा महिन्यांनी येणारं म्युच्युअल फंडाचं सीएएस, म्हणजे सगळ्या फंडांचं एकत्र स्टेटमेंट उघडा, त्यात डिस्ट्रिब्युटरला किती कमिशन गेलं ते रुपयांत छापलेलं असतं. सगळे डिस्ट्रिब्युटर वाईट असं मी म्हणत नाही, माझ्या ओळखीत दोघं तर सोन्यासारखे आहेत. पण ते विक्रेते आहेत हे त्यांनी सांगायला हवं, आणि सेबीकडे सल्लागार म्हणून नोंद नसेल तर ‘इंडिपेंडंट फायनान्शियल अॅडव्हायझर’ असं लावायला त्यांना मनाई आहे. कार्डावर तसं दिसलं तर तिथेच एक मार्क कापा.

मी तुमच्या जागी असतो तर तिसरीला आधी भेटलो असतो. सीएफपी (आर्थिक नियोजनाचं प्रमाणपत्र) केलंय का विचारा, आणि रिटायर झालेले क्लायंट किती आहेत तेही.

प्रश्न : पुण्यात आयटीत आहे. सल्लागारांचे रिटर्न एका जागी बघून तुलना करता येईल असं काही आहे का?

उत्तर : त्याच्या जवळपास जाणारी, रिटर्नचे दावे तपासायची पारवा नावाची व्यवस्था सेबीने 2025 मध्ये आणली, म्हणजे पास्ट रिस्क अँड रिटर्न व्हेरिफिकेशन एजन्सी (मला पण आधी कबुतरच आठवलं). क्रेडिट रेटिंग कंपनीने आकडे तपासायचे आणि डेटा एक्स्चेंजने सांभाळायचा. कल्पना चांगली आहे पण जपून, कारण पंचवीस वर्षाच्या पोराला आणि साठीच्या बाईंना एकच माणूस वेगवेगळा सल्ला देणार, मग त्याचा रिटर्न म्हणजे नक्की कुणाचा? जाहिरातीत ‘नंबर वन’, ‘बेस्ट’ म्हणायला तर सल्लागारांना बंदीच आहे, कोणी म्हणत असेल तर तिथूनच मागे फिरा. त्यापेक्षा त्यांना दर महिन्याला आपल्या साइटवर तक्रारींचा तक्ता टाकावा लागतो, किती आल्या किती मिटल्या किती अडकल्यात, तो आधी उघडा, आणि तक्ताच सापडला नाही तर फोन करून विचारा कुठे ठेवलाय.