आखाजीचे पाहुणे आणि दारातला वाघ्या

"आमचा कुत्रा घरच्यांवर जीव टाकतो, पण पाहुणा आला की अंगावर जातो; त्याला कसे आवरावे?" पाळीव कुत्र्यांच्या वर्तनाविषयी समुपदेशन करताना हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला जातो, तितका दुसरा कोणताही विचारला जात नाही. सगळ्या घरांना लागू पडेल असे उत्तर माझ्याजवळ नाही, म्हणून येथे एकाच घराची हकिकत सांगते. कुटुंबाची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. कुत्र्याचे खरे नावही वाघ्या नव्हते.

खानदेशातील अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी घरातील सूनबाईंचा फोन आला. सणासाठी त्यांची नणंद पती आणि चार वर्षांच्या मुलीसह माहेरी आली होती. जावई ओसरीवर अर्धा तास बसले, चहापाणी झाले आणि तेवढा सगळा वेळ वाघ्या दाराशेजारी साखळीला बांधलेला, अगदी गप्प बसून होता. निघण्यासाठी जावई उठले, पाठमोरे झाले, आणि साखळीच्या टप्प्यात त्यांचा पाय येताच वाघ्याने पोटरीला दात लावले. "तो गुरगुरला नाही, भुंकला नाही, एकदम चावला," हे त्या तीन वेळा म्हणाल्या. घरात एक मत असे पडले होते की कुत्रा सोडून द्यावा. दुसरे मत सासऱ्यांचे होते, आणि त्यांच्या मते चूक पाहुण्याचीच होती.

कुत्र्याविषयी काही बोलण्याआधी मी जखमेची चौकशी केली. अपेक्षेप्रमाणे कोणीतरी तिच्यात लाल तिखट भरले होते. दाताने कातडी फुटली असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर तिखट, चुना किंवा हळद लावू नये आणि विलंब न करता दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचा क्रम सुरू करावा, हे मी त्यांना सांगितले. कुत्रा घरचा आहे, ओळखीचा आहे, या विश्वासावर कोणीही थांबू नये. वाघ्याची वार्षिक लस दोन महिने लांबलेली निघाली. जावई त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेले.

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सासरे, ज्यांना मी बाबा म्हणत असे, अंगणात खाटेवर बसले होते. "ताई, हाऊ कुत्रा कोणले घरमा येऊ देत नही," म्हणजे हा कुत्रा कोणाला घरात येऊ देत नाही, असे त्यांनी मला कौतुकानेच सांगितले. वाघ्या अडीच वर्षांचा होता. पिल्लू असताना तो शेतावर वाढला होता आणि पहिले चार महिने त्याने सालदार व एक बैलजोडी यांच्याखेरीज कोणी पाहिलेच नव्हते. पिल्लाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की त्यात भेटलेली माणसे, आवाज आणि वास त्याला पुढे जन्मभर ओळखीचे वाटतात. तो काळ एकांतात गेला तर अनोळखी माणूस हा त्या कुत्र्याला सहसा संशयाचाच विषय राहतो. म्हणजे ज्याला बाबा इमान म्हणत होते, त्यात इमानापेक्षा भीतीचा वाटा मोठा होता. हे त्यांना पटवणे सोपे नव्हते आणि त्या दिवशी मी तसा प्रयत्नही केला नाही.

न गुरगुरता चावण्याचा उलगडा मात्र तासाभरात झाला. वर्षभर वाघ्या पाहुण्यांवर गुरगुरत असे आणि प्रत्येक वेळी घरातील कोणी ना कोणी त्याला चप्पल मारून गप्प करत असे. गुरगुरणे ही कुत्र्याची "दूर राहा" एवढीच विनंती असते. तिला मार मिळाला की तो विनंती करायची सोडतो, भीती मात्र असते तिथेच राहते. त्यापूर्वीच्या खुणा तर आणखी बारीक असतात: झोप नसताना येणारी जांभई, कोरड्या तोंडाने ओठ चाटणे, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणे, आणि शेवटी सगळे अंग ताठ होऊन थिजणे. मी हे सांगत असताना सूनबाई मध्येच म्हणाल्या, "जावई बसलेले असताना तो सारखा जांभया देत होता. आम्हाला वाटले, उन्हाने पेंगुळलाय." शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, हा समजही तेवढाच धोक्याचा आहे, ताठ अंगावरची उंच, कडक हलणारी शेपूट आनंदाची नसते.

पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेतल्याशिवाय मी वर्तनाचे काम सुरू करत नाही. वाघ्याच्या एका कानात आत सूज होती आणि कानामागे गोचिडांची रांग होती. दुखणाऱ्या अंगाच्या प्राण्याकडून सोशिकपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. उपचार चालू असताना आम्ही त्याची जागा बदलली. आखूड साखळीने त्याला नेमके दाराशीच बांधत असत, म्हणजे ज्या वाटेने परकी माणसे येणार तिथेच, आणि मागे सरकायला हातभरही जागा न ठेवता. पळून जाण्याचा मार्ग बंद असलेल्या भित्र्या प्राण्याजवळ दात हा एकच उपाय उरतो. कुत्र्याला विनाकारण दीर्घकाळ किंवा फार आखूड साखळीने बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही मी सांगितले, पण कायद्यापेक्षा बाबांना जागेचा मुद्दा लवकर पटला. मागच्या पडवीला जाळीचे दार बसवले गेले आणि आत गोणपाट अंथरून वाघ्याची बैठक तयार झाली.

खरे काम पनीरने केले. घर माळकरी होते, त्यामुळे अंडे किंवा मांस हा विषयच नव्हता; हरभऱ्याच्या दाण्याएवढे पनीरचे तुकडे डब्यात भरून सूनबाई बसत. शेजारचा मुलगा वीस-पंचवीस पावलांवरून, वाघ्याला दिसेल पण त्याचे अंग ताठ होणार नाही एवढ्या अंतरावरून जाई. तो दिसला की पनीर सुरू, आड गेला की पनीर बंद. येथे क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे आणि बहुतेक घरांत नेमका तोच उलटा होतो. या घरानेही पूर्वी पाहुणे येणार असे कळताच वाघ्यापुढे पोळी टाकून पाहिली होती. त्याचा परिणाम असा झाला की अवेळी पोळी दिसली तरी तो दाराकडे पाहून केस उभे करू लागला. आधी माणूस आणि मागून खाऊ आला, तर माणूस खाऊची वर्दी ठरतो. आधी खाऊ आणि मागून माणूस आला, तर खाऊ संकटाची वर्दी ठरतो. ज्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक पचनसंस्थेवरील संशोधनासाठी मिळाले, त्या पावलोव्ह यांनी कुत्र्यांच्या लाळेवरून दाखवून दिलेली गोष्ट हीच आहे. आमच्याकडे प्रयोगशाळा नव्हती आणि बाहेर वैशाखाचे ऊन होते, म्हणून हा सराव सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर, दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, असा चालला. धापा टाकणारा कुत्रा काही शिकत नाही.

अंतर कमी व्हायला पाच आठवडे लागले. गावात कोणी घंटा वाजवत नाही, अंगणातूनच "घरमा कोणी शे का?" (घरात कोणी आहे का?) अशी हाक येते. त्या हाकेचा सराव आम्ही माणसाशिवाय, वेगळा केला. दिवसातून चार-पाचदा घरातलेच कोणी हाक देई आणि वाघ्या गोणपाटावर गेला की त्याला पनीर मिळे. पाहुण्यांनाही नियम घालून दिले: डोळ्यांत पाहायचे नाही, डोक्यावरून हात फिरवायचा नाही, समोरासमोर न बसता थोडे तिरके बसायचे, आणि हातातून काहीही भरवायचे नाही. शेवटचा नियम लोकांना रुचत नाही, कारण खायला घालून मैत्री होते अशी आपली समजूत आहे. परंतु भित्रा कुत्रा घासाच्या लोभाने जवळ येतो, घास संपतो आणि मग आपण परक्या माणसाच्या अगदी पुढ्यात उभे आहोत हे त्याच्या लक्षात येते. बरेच चावे त्या क्षणी होतात. पाहुण्याला काही द्यायचेच असेल तर त्याने ते कुत्र्याच्या मागे टाकावे, म्हणजे घेण्यासाठी कुत्रा दूर जाईल. आणि ते भरीत नसावे. त्यातील कांद्याची पात आणि लसूण कुत्र्याला बाधतात, हे खानदेशात तरी दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडी सांगावे लागते.

दुसरा धोक्याचा क्षण पाहुणा उठतो तो. बसलेल्या माणसाला सरावलेला कुत्राही अचानक उभ्या राहिलेल्या, पाठ फिरवणाऱ्या माणसावर धावू शकतो. जावयांच्या बाबतीत तेच झाले होते. म्हणून उठण्यापूर्वी पाहुण्याने सांगायचे, सूनबाईंनी वाघ्याला गोणपाटावर बोलवायचे आणि मगच उठायचे, असे ठरले. लहान मुलीच्या बाबतीत मी कोणतीही सवलत दिली नाही: मूल अंगणात असेल तेव्हा वाघ्या जाळीच्या आत. जवळून ओळख करून देण्याच्या वेळेसाठी जाळीचे मुसके सुचवले, तेव्हा घरातील तरुण मंडळींना ते क्रूर वाटले. बाबांना मात्र ते सर्वांत आधी समजले, कारण कपाशीत कोळपणी करताना बैलांना मुसके घालण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. फक्त ते तोंड आवळणाऱ्या पट्ट्याचे नसावे, आत जीभ बाहेर काढून धापता आणि पाणी पिता यावे, आणि पहिले काही दिवस त्यात पनीर ठेवून कुत्र्याने आपणहून तोंड घालावे, एवढे पथ्य पाळावे लागते.

मध्ये एकदा सगळे बिघडले. लग्नाची पत्रिका घेऊन आलेले एक नातेवाईक हाक न देता थेट पडवीत शिरले, जाळीचे दार उघडे होते, आणि वाघ्या त्यांच्या अंगावर गेला. मुसक्यामुळे इजा झाली नाही. सूनबाईंच्या यजमानांचा हात पुन्हा चपलेकडे गेला होता, असे त्यांनी स्वतःच मला प्रामाणिकपणे सांगितले. मात्र या वेळी धावण्यापूर्वी वाघ्या मोठ्याने गुरगुरला होता, आणि त्यांनी ती तक्रार म्हणून सांगितलेली गोष्ट मला आनंदाची वाटली. आम्ही अंतर पुन्हा वाढवले आणि दोन आठवडे मागे गेलो.

बाबांची शंका वेगळी होती आणि ती मला रास्त वाटली. शेतातील मोटारीच्या केबली चोरीला जातात. कुत्राच मवाळ झाला तर काय, असे ते विचारत. मी त्यांना विचारले, "बाबा, तो दूधवाल्यावर भुंकतो, पोस्टमनवर भुंकतो, जावयांवर भुंकतो, मग रात्री भुंकला तर तुम्ही उठता का?" ते म्हणाले, "नाही. तो भुंकतच असतो." भुंकणे आम्ही बंद केलेच नव्हते. हाक आली की दोन-तीनदा भुंकून वर्दी द्यावी, घरातील कोणी "बरं" म्हणाले की गोणपाटावर यावे, एवढेच त्याला शिकवले होते. श्रावण लागेपर्यंत बाबा रात्री त्याच्या भुंकण्याने उठू लागले होते. तोवर एकदा साप आणि एकदा सुटलेला बैल निघाला, चोर नव्हे.

नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसली. पन्नास-साठ भाऊबंद जमणार होते आणि सूनबाईंची इच्छा होती की वाघ्याने त्या सर्वांमध्ये शांत बसून दाखवावे. मी नकार दिला. तीन महिन्यांच्या सरावाची परीक्षा ढोल-ताशाच्या गर्दीत घेणे म्हणजे सगळे पुन्हा शून्यावर आणणे होते, आणि काही कुत्र्यांना गर्दी जन्मभर मानवत नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. दोन्ही दिवस तो मागच्या खोलीत पंख्याखाली, दार बाहेरून कडी लावून बंद, असा राहिला.

सोमवारी विसर्जन होऊन गर्दी पांगल्यावर जावई ओसरीवर येऊन तिरके बसले. वाघ्या मुसके घालून गोणपाटावर होता. तो एकदा उठून त्यांच्या चपलेचा वास घेऊन परतला. वीस मिनिटांनी जावई म्हणाले, "उठतो हं आता," आणि वाघ्याने त्यांच्याकडे नव्हे, सूनबाईंच्या हातातील डब्याकडे पाहिले. डबा रिकामा होता. त्यांच्या घरी कानबाईच्या प्रसादाचा रोट भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत, जावयालाही नाही. बाबांनी आत जाऊन त्यातलाच एक तुकडा मोडून आणला आणि मुसक्याच्या जाळीतून वाघ्याला दिला.