दोन कॉलमांची जोडी जुळवून रो डिलीट कशा करायच्या?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डेटाबेसमधल्या 'नोंदणी' या टेबलातून ठराविक रो (ओळी) एसक्यूएलने काढायच्या आहेत. कोणत्या काढायच्या त्याची यादी 'वगळा' या दुसऱ्या टेबलात आहे आणि रो ओळखायची ती विद्यार्थी व विषय या दोन कॉलमांवरून. तुम्ही दोन्ही कॉलमांना वेगवेगळं 'इन' (मूल्य यादीत आहे का, ही अट) लावलंत आणि हव्या होत्या त्याहून जास्त रो गेल्या.

गडबड त्या दोन 'इन'मध्येच आहे. समजा 'वगळा'मध्ये दोनच जोड्या आहेत: १०१ चा विषय ५ आणि १०२ चा विषय ७. तुमची अट वाचून डेटाबेस म्हणतो, विद्यार्थी १०१ किंवा १०२ हवा, आणि विषय ५ किंवा ७ हवा. मग १०१ चा ७ आणि १०२ चा ५ हेही त्यात बसतात. कोणाची जोडी कोणाशी, ही माहितीच हरवली. यादीत ५० विद्यार्थी आणि ६ विषय असतील, तर ३०० पर्यंत जोड्या या अटीत सापडतात.

म्हणून जोडी एकत्रच तपासा. मी स्वतः हे वापरतो:

डिलीट फ्रॉम नोंदणी व्हेअर एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम वगळा व्हेअर वगळा.विद्यार्थी = नोंदणी.विद्यार्थी अँड वगळा.विषय = नोंदणी.विषय)

हे पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूलाइट या सगळ्या डेटाबेसांत चालतं. दुसरी पद्धत दिसायला सुटसुटीत आहे: व्हेअर (विद्यार्थी, विषय) इन (सिलेक्ट विद्यार्थी, विषय फ्रॉम वगळा). पण एसक्यूएल सर्व्हरला कंसातली अशी जोडी कळत नाही आणि एसक्यूलाइटमध्ये ती ३.१५ आवृत्तीपासूनच आहे.

या दुसऱ्या पद्धतीत मी एकदा चांगलाच पोळलो आहे. माझ्या यादीच्या टेबलात कॉलमचं नाव 'विषय' नव्हतं, 'विषय_क्रमांक' होतं. सबक्वेरीत (कंसातल्या आतल्या सिलेक्टमध्ये) मी नुसतं 'विषय' लिहिलं. एरर येईल असं वाटेल, पण आला नाही. आतल्या टेबलात कॉलम सापडला नाही की डेटाबेस तो बाहेरच्या टेबलात शोधतो. तिथे तो होता, त्यामुळे प्रत्येक रोचा विषय स्वतःशीच जुळला आणि यादीतल्या विद्यार्थ्यांचे सगळेच विषय उडाले. तेव्हापासून कॉलमच्या आधी टेबलाचं नाव लिहिल्याशिवाय मी डिलीट चालवत नाही. तुम्हीही ही सवय लावाच.

दोन कॉलम चिकटवून एकच मजकूर करायचा आणि तो जुळवायचा, असा सल्लाही कोणी देईल. तो ऐकू नका. १ आणि २३ चिकटवले काय, १२ आणि ३ चिकटवले काय, दोन्ही १२३च होतात. शिवाय दोन कॉलमांवरचा साधा इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) मग कामी येत नाही.

एखाद्या कॉलममध्ये नल (म्हणजे मूल्यच नाही) असेल तर ती रो 'बरोबर'च्या चिन्हाने जुळणार नाही, कारण नल नलशीही बरोबर ठरत नाही. अशा कॉलमसाठी पोस्टग्रेसमध्ये 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' आणि मायएसक्यूएलमध्ये <=> वापरा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पहिला प्रकार २०२२ च्या आवृत्तीपासून आहे.

चालवण्याआधी तीच व्हेअर अट 'सिलेक्ट काउंट'ला लावून आकडा पाहा. मग ट्रान्झॅक्शन (पक्का किंवा रद्द करता येणारा बदलांचा गट) सुरू करा, डिलीट चालवा, किती रो गेल्या ते त्या आकड्याशी ताडा, आणि जुळलं तरच कमिट (बदल पक्का), नाहीतर रोलबॅक (बदल रद्द). मायएसक्यूएल ऑटोकमिटवर असतं, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप पक्का करतं, त्यामुळे ट्रान्झॅक्शन स्वतःहून सुरू केलं नसेल तर रोलबॅकचा काही उपयोग होत नाही. आणि 'नोंदणी'वर अवलंबून असलेल्या टेबलांना 'ऑन डिलीट कॅस्केड' (मूळ रो गेली की तिच्यावर अवलंबून रोही आपोआप जाणं) लावलं आहे का, तेही आधी बघून घ्या. तिथून गेलेल्या रो या आकड्यात दिसत नाहीत.