आर्ट क्विल्टच्या प्रदर्शनात काय बघायचं आणि कलाकारांशी काय बोलायचं?

तुम्ही विचारलंय की पहिल्यांदाच आर्ट क्विल्टच्या प्रदर्शनाला जाताय, शिवणातलं फारसं कळत नाही, तिथे कलाकारही भेटणार आहेत, तर बघायचं काय आणि त्यांच्याशी बोलायचं काय. मी अशी प्रदर्शनं जमेल तेव्हा बघते आणि कलाकारांशी बोलण्यात मला फार आनंद मिळतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

क्विल्ट म्हणजे वरचं कापड, मधे कापसाचा किंवा लोकरीचा पातळ थर, खाली अस्तर, आणि हे तिन्ही आरपार टाके घालून एकत्र धरलेले. आर्ट क्विल्टची रचना बहुतेक वेळा हीच असते, फक्त ते पांघरायला नाही तर भिंतीवर लावून बघायला केलेलं असतं. बरेच लोक लांबून रंग बघतात, किती छान म्हणतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तसं करू नका, टाके बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका. टाके फक्त थर धरून ठेवायला नसतात. जिथे ते दाट पडतात तिथे कापड दबतं, चपटं होतं, थोडं कडकही होतं, आणि जिथे विरळ असतात तिथे मधला थर फुगून वर येतो, म्हणजे चित्राला उंचसखलपणा येतो तो टाक्यांमुळे. हे समोरून नीट कळत नाही. क्विल्टच्या बाजूला उभं राहून तिरकं बघा, उजेड कडेनं येत असेल तर एकेका ओळीची सावली दिसते आणि मगाशी सपाट वाटलेलं काम एकदम वेगळंच दिसायला लागतं. दोऱ्याचा रंगही बघा, निळ्या कापडावर केशरी दोऱ्याने बारीक दाट शिलाई केली असेल तर लांबून कापडाचाच रंग बदलल्यासारखा वाटतो, जवळ गेल्यावर कळतं की तो दोरा आहे.

हात मात्र लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. हाताचा घाम आणि तेलकटपणा कापडात मुरतो आणि डाग कधीकधी खूप उशिरा वर येतात. मागची बाजू बघायची असेल तर तिथल्या व्हॉलंटियरला सांगा, बऱ्याच प्रदर्शनांत ते पांढरे हातमोजे घालून कोपरा उलटून दाखवतात, आणि मागची बाजू खरंच बघण्यासारखी असते कारण कापडाच्या गर्दीत लपलेली टाक्यांची रेघ तिथे स्वच्छ दिसते. उजेड कमी वाटला तर तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो, प्रखर उजेडाने कापडाचे रंग उडतात. डोळे सरावू द्या.

आता कलाकारांना का भेटायचं ते सांगते. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होलस्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेले जुने अमेरिकन क्विल्ट पेंटिंगसारखे भिंतीवर लावले आणि कलाजगताचं तिकडे लक्ष गेलं. पण ते क्विल्ट शिवणाऱ्या बहुतेक बायकांची नावंच कोणाला माहीत नव्हती. कापड राहिलं, करणारी गेली. मग 1979 साली नॅन्सी क्रो आणि तिच्या सोबतच्या कलाकारांनी अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या अथेन्स गावात, गाईंच्या एका जुन्या गोठ्याच्या इमारतीत ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू केलं, कारण त्या जे काम करत होत्या ते नेहमीच्या क्विल्ट शोमध्ये कुठे बसत नव्हतं. इथे प्रत्येक कामाला करणाऱ्याचं नाव होतं.

आणि हॅरिएट पॉवर्स. 1837 साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मलेली, क्विल्ट शिवणारी बाई. तिचे दोनच क्विल्ट आज शिल्लक आहेत, एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमकडे आणि एक बोस्टनच्या म्युझियममध्ये. पहिला क्विल्ट विकताना तिने एकेका चौकटीत काय दाखवलंय ते सांगितलं आणि विकत घेणाऱ्या जेनी स्मिथने ते लिहून ठेवलं. बोस्टनमधल्या क्विल्टच्या चौकटींचं वर्णनही टिकलंय, म्हणून आपल्याला कळतं की त्यातल्या एका चौकटीतले तारे म्हणजे 1833 चा तो मोठा उल्कावर्षाव आहे, तिच्या जन्माच्याही आधीचा, म्हणजे तिने तो ऐकलेला असणार. ते वर्णन नसतं तर आपण नुसत्या आकृत्या बघत बसलो असतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला तर करणारी व्यक्ती समोर भेटणार आहे!

पण विचारायचं काय? “किती वेळ लागला?” हे त्यांना दिवसभर प्रत्येक जण विचारतो, त्याचं उत्तर एक आकडा असतो आणि बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा आधी त्यांचं काम नीट बघा, त्यातली एक जागा निवडा आणि त्या जागेबद्दलच विचारा. एका प्रदर्शनात पाण्याचा भास देणारा करडा-हिरवा क्विल्ट होता, सगळीकडे मशीनची दाट शिलाई आणि खालच्या एका कोपऱ्यात मात्र हाताने घातलेला विरळ धावदोरा. मी तेवढंच विचारलं की इथे हाताने का? त्या बाई एकदम खुलल्या. म्हणाल्या तिथलं कापड जुन्या शर्टाचं आहे, इतकं विरलेलं की मशीनची सुई दाट चालवली असती तर फाटलंच असतं, म्हणून हाताने सैल टाके घातले, तर तो भाग फुगला आणि लाटेसारखा दिसायला लागला, मग पुढच्या कामात त्यांनी मुद्दामच जुनं कापड शोधून वापरलं. हे कुठल्याही लेबलवर लिहिलेलं नव्हतं.

सगळे असे बोलके नसतात हेही लक्षात ठेवा. काहींना स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं म्हटलं की अवघडल्यासारखं होतं, त्यांना अर्थ विचारू नका, रंगवलेल्या कापडाचे किंवा टाक्यांचे नमुने आणलेत का ते विचारा. एका अबोल कलाकाराने मला पिशवीतून छोटे छोटे तुकडे काढून दाखवले होते, एकाच डिझाइनवर वेगवेगळ्या दोऱ्यांनी केलेले, आणि ते हातात घेऊन बघायला मिळाले. जे भिंतीवर करता येत नाही ते इथे करता येतं. आधी कापड निवडलं की आधी चित्र सुचलं, हाही चांगला प्रश्न आहे, कारण उत्तर प्रत्येकाचं वेगळं येतं.

“माझी आजीपण असंच शिवायची” हे प्रेमाने म्हटलं तरी जरा थांबून म्हणा, आधी त्यांच्या कामाबद्दल बोला, आजी नंतर येऊ दे. फोटो विचारून काढा आणि कुठे टाकलात तर कलाकाराचं नाव आणि कामाचं नाव दोन्ही लिहा, त्यासाठी क्विल्टबरोबर लेबलचाही फोटो काढून ठेवा. एखादं काम विकत घ्यावंसं वाटलं तर ते कसं सांभाळायचं ते त्यांनाच विचारा. साधारण असं की थेट ऊन लागेल तिथे लावायचं नाही आणि ठेवून द्यायचं असेल तर घडी न घालता गुंडाळायचं, चित्राची बाजू बाहेर ठेवून, म्हणजे सुरकुत्या पडल्याच तर अस्तराकडे पडतात.