इंग्लंडमधलं घर भाड्याने देताय? आधी ईपीसी

अभिनंदन! रंगरंगोटी नंतर, आधी ईपीसी बघा, म्हणजे घर ऊर्जा किती काटकसरीने वापरतं ते सांगणारं सर्टिफिकेट. त्यात ए (सर्वात चांगली) ते जी (सर्वात वाईट) अशी श्रेणी असते. इंग्लंड-वेल्समध्ये भाड्याच्या घराला किमान ई श्रेणी लागते. एफ किंवा जी असेल, तर या नियमातून अधिकृतपणे नोंदवलेली सूट असल्याशिवाय भाडेकरू ठेवता येत नाही; दंड ५,००० पौंडांपर्यंत जातो.

सर्टिफिकेट १० वर्षं चालतं, त्यामुळे आधीच्या मालकाचं अजून चालू असू शकतं. सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की फुकटात दिसतं. मगच नव्या सर्टिफिकेटसाठी पैसे मोजा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- जाहिरात आधी, सर्टिफिकेटची धावपळ नंतर.
- भिंतीत इन्सुलेशन भरलं, पण कागद ठेवले नाहीत. तपासायला आलेला माणूस भिंत फोडून बघत नाही. पुरावा नसेल तर जुन्या बांधकामाच्या अंदाजाने गुण देतो आणि श्रेणी घसरते.
- भाडेकरूला प्रत द्यायची राहते.

सूट, श्रेणी सुधारण्यावरच्या खर्चाची मर्यादा वगैरे आत्ता सोडा. ई मिळाली तर त्याची गरजच नाही.