धान्यपेढीतील स्वयंसेवकांचा सन्मान कसा करावा?

आपण लिहिले आहे की, आपल्या वस्तीतील धान्यपेढीत, म्हणजे गरजू कुटुंबांना शिधा देणाऱ्या केंद्रात, तीसेक स्वयंसेवक दोन वर्षांपासून विनामोबदला राबत आहेत, त्यांचा सत्कार करावयाचा आहे, परंतु देणगीच्या पैशातून शाली आणि सन्मानचिन्हे घेणे मनाला पटत नाही. पुण्यातील अशाच एका लहान धान्यपेढीचे कामकाज मी काही वर्षे पाहत आहे. आमचा पहिला सत्कार फसला होता, म्हणून आधी तेच सांगतो.

आम्ही सर्व काही रीतसर केले. सभागृह घेतले, प्रमुख पाहुणे बोलावले; ते तासभर उशिरा आले आणि जवळपास तेवढाच वेळ बोलले (पुणेकरांना याचे नवल वाटणार नाही). निवेदकाने तिसांपैकी प्रत्येकासाठी ‘निःस्वार्थ सेवा’ हेच दोन शब्द वाचले. याहून मोठी चूक आमची स्वतःची होती. शिधा घेणाऱ्या कुटुंबांना आम्ही पुढच्या रांगेत बसवले होते आणि कॅमेरा त्यांच्याकडे वळताच एका बाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. आमच्या एका तरुण स्वयंसेविकेने ते पाहिले आणि दुसऱ्या दिवशी आपली शाल मुकाट्याने कार्यालयातील टेबलावर आणून ठेवली.

त्यानंतर आम्ही पाहुणे आणि शाली दोन्ही बंद केल्या आणि नोंदवही उघडली. कोण कोणत्या दिवशी आले आणि त्यांनी काय केले, हे आमच्या वहीत पहिल्यापासून लिहिलेले होते. सत्कारासाठी ती वाचावी, हे मात्र कोणालाच सुचले नव्हते. आता आम्ही वर्षभराची वही वाचून प्रत्येक स्वयंसेवकासाठी हाताने एक पत्र लिहितो आणि त्यात त्या व्यक्तीने केलेले एखादे नेमके काम नोंदवतो: पावसाळ्यात गव्हाला सोंडे लागले तेव्हा सलग तीन दुपारी बसून तो चाळून, उन्हात घालून वाचवणाऱ्या आजी, वजनकाटा दर शनिवारी शंभर ग्रॅम कमी दाखवतो हे ओळखणारे निवृत्त बँक कर्मचारी, शिध्याच्या पिशवीत तेलाची पिशवी सर्वांत वर ठेवावी, नाहीतर फुटून सगळे पीठ वाया जाते, हे इतरांना शिकवणारा विद्यार्थी. असे वाक्य लिहायचे तर ते काम आपण डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते, आणि पाहिले गेले आहे हे कळणे हाच माझ्या मते सत्काराचा गाभा आहे. पत्र हातात न देता घरी टपालाने पाठवा. दर शनिवारी आई किंवा सून नेमकी कुठे जाते, हे घरच्यांना बहुधा त्या पत्रातूनच प्रथम नीट कळते.

महाविद्यालयीन मुलांना पत्राबरोबर तारखा आणि तास लिहिलेला दाखलाही द्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तासांचे काम पूर्ण करावे लागते, त्यामुळे तासांची खरी नोंद त्याच्या उपयोगाची असते. तास फुगवून मात्र लिहू नका. अशाने बाकीच्या मुलांच्या दाखल्यांवरचाही विश्वास उडतो.

शिधा घेणाऱ्यांपैकीच काही जण आपल्याकडे हातभार लावत असतील, आमच्याकडेही आहेत. अमेरिकेतील फिनिक्स शहरात १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली अन्नपेढी सुरू केली, आणि अन्नाचीही बँकेसारखी पेढी असावी ही कल्पना त्यांना दुकानांमागील टाकून दिलेल्या मालावर आपल्या मुलांचे पोट भरणाऱ्या एका आईकडून मिळाली, असे सांगितले जाते. तेव्हा घेणारे आणि देणारे अशा दोन रांगा करण्याचे कारणच नाही. तांदूळ निवडायला येणाऱ्या बाईंना निवडण्याबद्दलच पत्र द्यावे. त्या शिधाही नेतात, हा उल्लेख पत्रात किंवा भाषणात कोठेही येऊ नये.

सत्कार कोणत्या दिवशी करावा, हेही आपण विचारले आहे. १६ ऑक्टोबरचा जागतिक अन्न दिन नावाने शोभतो, पण तो दिवाळीच्या तोंडावर येतो आणि त्याच दिवसांत रवा, बेसन, साखर यांची पाकिटे भरण्याची आमची सर्वांत मोठी धांदल असते. ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ठरवून दिलेला आहे. तोवर दिवाळी उरकलेली असते आणि दुपारही सुखाची असते. आम्ही त्याच्या जवळचा रविवार घेतो. त्या दिवशी स्वयंसेवकांनी पातेले उचलायचे नाही की सतरंजी घालायची नाही, हा आमचा एकमेव नियम आहे, आणि तो मोडणाऱ्यांना आवरणे हेच संयोजकांचे खरे काम होऊन बसते. जेवण हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेच्या ‘कष्टाची भाकर’मधून आणतो. कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावे म्हणून १९७४ पासून पुण्यात चालणारे ते केंद्र आहे, आणि मार्केट यार्डाच्या भुसार विभागात आमची पोती टेम्पोत चढवून देणारे हमालही त्या पंगतीला असतात. त्यांची नावे आमच्या वहीत नव्हती. गेल्या वर्षापासून त्यांच्यासाठी वेगळे पान घातले आहे. आपल्याकडे पोती कोण चढवते, शटर कोण उघडते आणि किल्ली कोणाकडे असते, हे आधी विचारून घ्या आणि पत्रांची सुरुवात तेथूनच करा.